दख्खनच्या राणीतून निघालेला निरोप

"मी निघाले. साडेआठला पुण्यात."

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं दिवसभराचं काम आटोपून पुण्याला घरी चाललेली एक शास्त्रज्ञ आहे असं धरू. दख्खनच्या राणीत खिडकीशी बसून ती मित्राला एवढाच निरोप पाठवते. मित्रही त्याच क्षेत्रातला. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथे तो आज ड्यूटीवर आहे. गाडी संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी मुंबईहून सुटते, कर्जतला मागे जादा इंजिनं लावून घेते आणि बोरघाट चढायला लागते. बोगद्यामागून बोगदे येतात, रेंज जाते, येते, पुन्हा जाते. निरोपाशेजारचं घड्याळाचं चिन्ह काही केल्या हटत नाही. पण निरोप पोचतो. अर्धा नाही, दोनदा नाही. अख्खा आणि एकदाच पोचतो.

हे कसं साधतं ते समजायला एकच गोष्ट पक्की धरून ठेवायची: पोच. रजिस्टर पत्राला जोडलेलं पोचपावतीचं कार्ड आठवा. पत्र घेणाऱ्याची सही होऊन ते परत आलं की आपली खात्री पटायची. मोबाइलचं सगळं जाळं ह्याच रिवाजावर चालतं. पुढच्याकडून पोच आल्याशिवाय मागच्याने आपल्याकडची प्रत टाकायची नाही. फरक एवढाच की इथे एक सोडून चार-पाच पोचा एकात एक बसवलेल्या असतात. सगळ्यात आतली काही हजारांश सेकंदांत येते आणि सगळ्यात बाहेरची यायला महिनाही लागू शकतो. रेंज गेल्यावर नेमकी कुठली पोच अडकली आहे हे कळलं, की काय करायचं आणि काय केल्याने काहीच होणार नाही, हेही कळतं.

74 बाइट

आधी निरोपाचं वजन पाहू. फोनला अक्षरं कळत नाहीत, क्रमांक कळतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचा पट्टा आहे. त्यात स्वर, व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त अशा प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे. म्हणून "पुण्यात" हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण फोनसाठी त्यात प, उकार, ण, हलन्त, य, काना आणि त असे सात घटक असतात. इंटरनेटवर मजकूर ज्या पद्धतीने जातो त्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या दर घटकाला 3 बाइट लागतात; रोमन अक्षर, मोकळी जागा आणि पूर्णविराम ह्यांना 1.

वरच्या निरोपात देवनागरीचे 23 घटक आहेत, म्हणजे 69 बाइट. तीन मोकळ्या जागा आणि दोन पूर्णविराम मिळून आणखी 5. एकूण 74. हाच मजकूर रोमन लिपीत लिहिला असता तर तिशीच्या आत मावला असता. पण हा फरक हवेतून जाताना जेमतेम एखाद्या मिलिसेकंदाचा असतो. डेटा वाचावा म्हणून मराठी रोमनमध्ये लिहिण्याला आता काहीही आधार उरलेला नाही.

एसएमएसचं मात्र तसं नाही. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. साधी रोमन अक्षरं 7 बिटांत बसतात म्हणून 160 अक्षरं जातात. देवनागरीचा एक जरी घटक आला तरी सगळा मजकूर दर घटकाला 2 बाइट ह्या हिशेबावर जातो आणि मर्यादा 70 वर येते. त्याहून लांब मजकुराचे तुकडे होतात. दर तुकड्यात जोडणीच्या खुणेला 6 बाइट जातात, म्हणून तुकड्यामागे 67 घटकच उरतात. आपला निरोप 28 घटकांचा आहे, तो एका एसएमएसमध्ये आरामात बसतो. हे लक्षात ठेवा, घाटात उपयोगी पडेल.

मराठीपुरती एक अडचण इथेच सांगायला हवी. "दुसऱ्या" ह्या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असं लिहितात. काही कळफलक साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य असं लिहितात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण बाइट वेगळे. म्हणूनच समोर दिसत असलेला शब्द कधीकधी चॅटमध्ये शोधून सापडत नाही. दोष आपल्या नजरेचा नसतो. अशा वेळी शब्दाचा जोडाक्षर नसलेला भाग टाकून शोधावं.

कुलूप, आणि किल्ली मोडून टाकणं

पाठवण्याचं बटण दाबलं की मजकूर फोनमधून बाहेर पडण्याआधीच कुलूपबंद होतो. व्हॉट्सॲपने 2016 साली सगळ्या संभाषणांना लावलेली सिग्नल नावाची पद्धत इथे उदाहरणाला घेऊ. खरा प्रश्न असा की मित्राचा फोन आता बंद असेल, तर त्याच्याशी किल्ली ठरवायची कशी? उत्तर असं: मित्राने ॲप बसवलं तेव्हाच त्याच्या फोनने किल्ल्यांच्या बऱ्याच जोड्या तयार करून ठेवल्या. प्रत्येक जोडीतला उघड भाग सर्व्हरवर ठेवला, गुप्त भाग फोनमध्येच राहिला. उघडी कुलपं चौकीवर ठेवून किल्ल्या खिशात घालून जावं तसं. पाठवणारीचा फोन त्यातलं एक कुलूप उचलतो आणि आपल्या गुप्त किल्लीशी त्याचं गणित करून दोघांची सामायिक किल्ली काढतो. मित्राचा फोन जागा झाल्यावर आपल्या बाजूने तेच गणित करतो आणि तीच किल्ली त्याला मिळते. मधल्या सर्व्हरकडे फक्त उघडे भाग असतात, त्यांवरून किल्ली काढता येत नाही.

नंतरच्या प्रत्येक निरोपाला नवी किल्ली लागते. आधीच्या किल्लीवर एक गणिती क्रिया करून पुढची निघते, पण पुढचीवरून आधीची काढता येत नाही. सायकलचं फ्रीव्हील एका दिशेला पकडतं आणि उलट फिरवलं तर नुसतं फिरतं, तसं. वापरलेली किल्ली लगेच पुसली जाते. आज कुणी फोन हिसकावून त्यातली चालू किल्ली मिळवली, तरी हवेतून गेलेले कालचे कुलूपबंद निरोप त्याला त्या किल्लीने उघडता येत नाहीत.

कुलूप 16-16 बाइटांच्या ठोकळ्यांना लागतं. नुसता मजकूर धरला तर 74 बाइटांचे पाच ठोकळे होतात आणि शेवटच्यात 6 बाइट भरतीचे टाकावे लागतात. वर शिक्का बसतो. वाटेत एक बिट जरी बदललं तरी शिक्का जुळत नाही आणि निरोप उघडलाच जात नाही. ह्यावर पत्त्याची, क्रमांकाची, जोडणीची वेष्टनं चढतात आणि बाहेर पडताना सगळं मिळून काही शे बाइट होतात.

कधीकधी मित्राच्या पडद्यावर मजकुराऐवजी "ह्या निरोपाची वाट पाहत आहोत" अशा अर्थाची सूचना दिसते. फोन बदलल्यामुळे किंवा ॲप पुन्हा बसवल्यामुळे किल्ल्या बदललेल्या असतात, तेव्हा हे बहुतेक वेळा घडतं. जुन्या कुलपाचा निरोप नव्या फोनला उघडत नाही. पाठवणाऱ्याचा फोन पुन्हा जाळ्यावर आला की तो तोच निरोप नव्या कुलपात घालून परत पाठवतो. म्हणजे इथे मित्राने काही करून उपयोग नसतो. पाठवणाऱ्याने नेट सुरू करायला हवं.

टॉवरशी बोलणं

आता हवेतला प्रवास. फोरजी धरू, कारण घाटात बहुतेक वेळ फोन तिथेच येऊन टेकतो. खिशात पडलेला फोन झोपेत असतो. बोलायचं असेल तर आधी टॉवरकडे हात वर करावा लागतो. फोन 64 ठरावीक हाकांपैकी एक कुठलीही निवडून मारतो, टॉवर उत्तर देतो, जोडणी होते. ह्या सगळ्याला एक दशांश सेकंद लागतो असं समजा. मग टॉवर सांगतो की अमुक मिलिसेकंदात, लहरींच्या अमुक तुकड्यात तू बोल. एक तुकडा 180 किलोहर्ट्झ रुंद आणि एक मिलिसेकंद लांब. सिग्नल मध्यम असेल तर त्यात 30-40 बाइट मावतात. आपल्या निरोपाला असे दहाएक तुकडे पुरतात, आणि टॉवर ते एकाच मिलिसेकंदात शेजारीशेजारी देऊ शकतो. म्हणजे निरोप हवेत असतो तो जेमतेम काही मिलिसेकंद. बाकीचा सगळा वेळ वाट पाहण्यात जातो.

सगळ्यात आतली पोच इथे आहे. तुकडा पाठवल्यावर 4 मिलिसेकंदांनी टॉवरचा कौल येतो: मिळाला किंवा बिघडला. बिघडला तर फोन पहिल्यापासून मोजून 8व्या मिलिसेकंदाला पुन्हा पाठवतो. ह्यातली फार सुंदर गोष्ट अशी की टॉवर बिघडलेली प्रत फेकून देत नाही. ती बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या प्रतीशी मिळवून पाहतो. दोन्ही प्रती एकेकट्या वाचता न येणाऱ्या असल्या तरी एकत्र ठेवल्यावर बऱ्याचदा वाचता येतात, पुसट शाईच्या दोन छापील प्रती एकमेकींवर धरून वाचाव्यात तशा.

रेंज गेली की बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य असतं: गाडी जोरात आहे म्हणून नेट जातंय. हिशेब करून बघू. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. टॉवरकडे किंवा टॉवरपासून दूर ह्या वेगाने जाताना 1800 मेगाहर्ट्झच्या लहरींची वारंवारता फक्त 167 हर्ट्झने सरकते. फोरजीतल्या दोन शेजारी लहरींमधलं अंतर 15,000 हर्ट्झ असतं. म्हणजे सरकणं एका टक्क्याच्या आसपास, आणि एवढं पोटात घालायला ती पद्धत मुळातच तयार केलेली आहे. घाटात तर गाडी रांगत चढते. 37 फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे. तरी रेंज सगळ्यात जास्त तिथेच जाते. दोष वेगाचा नाही.

वेगाचा खरा परिणाम वेगळा आहे. टॉवरची लहर डोंगरावरून, पुलावरून, शेजारच्या डब्यावरून आपटून अनेक वाटांनी फोनकडे येते. कुठे ह्या लहरी एकमेकींत भर घालतात, कुठे एकमेकींना मारतात. 1800 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेसोळा सेंटिमीटरच्या जवळ असते, त्यामुळे चांगल्या जागेपासून मेलेली जागा साधारण चार-आठ सेंटिमीटरवर असू शकते. चालत्या गाडीत फोन अशा जागा मिलिसेकंदांत ओलांडतो, म्हणून बिघडलेला तुकडा पुढच्या प्रयत्नाला सुटतो. गाडी सिग्नलला थांबली आणि फोन नेमका मेलेल्या जागी असला, तर मात्र तो तिथेच अडकून राहतो. अशा वेळी फोन चार बोटं इकडेतिकडे सरकवून पाहायचा. हा तोडगा अंधश्रद्धा वाटतो, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

पडद्यावरच्या दांड्यांवर फार विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या "अबाउट फोन"खाली सिमच्या माहितीत मिळतो. आयफोनवर *3001#12345# * हे, मधली जागा न सोडता, डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो आणि डीबीएम ह्या सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात असतो. उणे 80 म्हणजे उत्तम. उणे 100 ला काम चालतं. उणे 110 नंतर अडखळायला लागतं आणि उणे 120 ला जवळजवळ संपलं. दर 10 ला शक्ती दहा पटींनी बदलते, त्यामुळे उणे 80 वरून उणे 110 वर येणं म्हणजे हजारावा हिस्सा उरणं.

एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हातात

गाडी पुढे जाते तसा टॉवर बदलावा लागतो. ह्याला सगळे हँडओव्हरच म्हणतात. फोन सतत शेजारच्या टॉवरांचे सिग्नल मोजत असतो. शेजारचा टॉवर चालू टॉवरपेक्षा, समजा, 3 डेसिबलने वरचढ झाला आणि तिसऱ्या हिश्श्याएवढा सेकंद तसाच वरचढ राहिला, की फोन चालू टॉवरला तसं कळवतो. हे आकडे मोबाइल कंपनी ठिकाण बघून बसवते. चालू टॉवर पुढच्याला विचारतो, "जागा आहे का?" पुढचा हो म्हणाला की फोनला हुकूम येतो: अमुक टॉवरवर जा. फोन जुनी जोडणी सोडतो, नव्याला हाक मारतो, जोडला जातो. मधल्या काही दशक मिलिसेकंदांत आलेला डेटा जुना टॉवर नव्याकडे सरकवतो. इथेही रिवाज तोच. ज्याची पोच आली नाही ते टाकायचं नाही, पुढच्याच्या हवाली करायचं. ह्या सगळ्यात फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलत नाही, म्हणून ॲपला गंधही लागत नाही.

थोडं थांबून खात्री करून घ्यायचं कारण असं की नाहीतर दोन टॉवरांच्या सीमेवर फोन चेंडूसारखा इकडून तिकडे जात राहील. पण हेच थांबणं घाटात नडतं.

बोगद्याच्या तोंडाशी काय होतं ते सेकंदासेकंदाने बघू. डबा उघड्यावरून बोगद्यात शिरतो आणि सिग्नल एका झटक्यात शंभर पटींनी, कधी हजार पटींनी पडतो. फोनला कळतं की शेजारचा टॉवर आता बरा आहे. पण हे कळवायचं असतं चालू टॉवरला, आणि तोच ऐकू येईनासा झालेला असतो. हँडओव्हरचा हुकूम येतच नाही. फोन साधारण सेकंदभर वाट पाहतो, मग जोडणी तुटल्याचं मान्य करतो आणि जो कुठला टॉवर ऐकू येईल त्याच्याशी जुनीच जोडणी परत सांधायचा प्रयत्न करतो. तेही जमलं नाही की सगळं सोडून लहरींचा एकेक पट्टा नव्याने धुंडाळायला लागतो.

सरळ आणि रुंद बोगद्यात लहरी तोंडातून बऱ्याच आतपर्यंत जातात. बोगदा त्यांना पाइपासारखा वाट देतो. घाटातले कित्येक बोगदे वळणावर आहेत आणि गाडीने बोगद्याचं तोंड जवळजवळ भरलेलं असतं, म्हणून इथे तो फायदा मिळत नाही. भुयारी मेट्रोत ह्यासाठी भिंतीला लांबच लांब केबल लावतात आणि तिच्या आवरणाला मुद्दाम ठरावीक अंतरावर फटी ठेवतात. त्या फटींतून सिग्नल थोडाथोडा झिरपत राहतो.

डबाही आपली भर घालतो. स्टेनलेस स्टीलच्या डब्यात लहर शिरते ती खिडकीतून. काचेवर धातूचा पातळ थर असेल तर तिथेही बरीचशी अडते. म्हणून आसनाखालच्या बॅगेत ठेवलेल्या फोनपेक्षा खिडकीच्या काचेशी धरलेल्या फोनला बरीच जास्त रेंज मिळते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या सारख्या नसतात. डोंगर ज्या बाजूला आहे तिच्यापेक्षा दरीची बाजू चांगली.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं, पण गाडीत हजार फोन असतील तर ते हजारही एकदमच बाहेर पडतात. सगळे एकाच टॉवरला हाका मारतात, आणि हाका 64च. दोन फोनांनी एकच हाक निवडली तर दोघांचीही फसते. मग दोघंही थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात.

दांड्या पूर्ण, तरी घड्याळ हटत नाही

आता त्या जागेवर येऊ जिथे सगळ्यात जास्त लोक वैतागतात. बोगदा संपला, दांड्या चार, आणि निरोप तसाच अडकलेला. हा दोष टॉवरचा नसतो. अडकलेली असते ती दुसरी पोच.

फोन आणि सर्व्हर ह्यांच्यामध्ये टीसीपी नावाची जोडणी असते. तिचा नियम असा: पाठवलेल्याची पोच आली नाही तर पुन्हा पाठव, पण दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट कर. रस्ता तुंबला असेल तर सगळ्यांनी घाईघाईने पुन्हा पुन्हा पाठवून तो आणखी तुंबू नये, म्हणून हा शहाणपणा. सुरुवात एका सेकंदाने झाली असं धरा. पुढचे प्रयत्न 1ल्या, 3ऱ्या, 7व्या, 15व्या, 31व्या सेकंदाला होतात. त्यानंतरचा 63व्या सेकंदाला. बोगद्यांची रांग 35 सेकंदांनी संपली, तर 31व्या सेकंदाचा प्रयत्न अंधारातच वाया गेलेला असतो आणि पुढचा यायला अजून 28 सेकंद असतात. त्या 28 सेकंदांत दांड्या भरलेल्या असतात, रस्ता मोकळा असतो आणि फोन नियम पाळून गप्प बसलेला असतो.

रेंज पूर्ण गेल्याचं फोनने स्पष्ट ओळखलं असेल तर हा त्रास कमी होतो. ॲपला तसं कळतं आणि रेंज आल्याबरोबर ते नवी जोडणी उघडतं. सगळ्यात वाईट ती अर्धवट अवस्था, रेंज धड गेलीही नाही आणि धड राहिलीही नाही अशी. तिथे जुनी मेलेली जोडणी जिवंत समजून फोन वाट पाहत राहतो.

फ्लाइट मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करण्याचा सर्वज्ञात उपाय नेमका ह्यासाठी लागू पडतो. त्याने जुनी जोडणी मोडते, फोन सगळ्यात जोरदार टॉवर नव्याने शोधतो, नवा पत्ता घेतो आणि ॲप ताज्या जोडणीवरून अडकलेला निरोप लगेच पाठवतं. मात्र हे बोगद्यातून बाहेर आल्यावर, आकडा उणे 105 च्या वर आल्यावरच करावं. बोगद्यात केलं तर फोन सगळे पट्टे पुन्हा पुन्हा धुंडाळत बसतो आणि फक्त बॅटरी जाते. तशीही घाटात बॅटरी पटकन उतरते, कारण टॉवर लांब गेला की फोन बोलायचा आवाज वाढवत वाढवत 200 मिलिवॉटच्या कमाल मर्यादेला नेतो. टॉवरजवळ त्याला ह्याचा शतांशही पुरतो. कुणाशी बोलायचं नसेल तर कर्जत ते लोणावळा फोन फ्लाइट मोडवर टाकणं सगळ्यात बरं.

आणि निरोप खरंच तातडीचा असेल तर 70 घटकांच्या आतला एसएमएस पाठवा. त्याला सर्व्हरशी लांबलचक जोडणी टिकवून धरावी लागत नाही. रेंजची एखादी छोटी फट मिळाली तरी तो निसटतो. एकदा एसएमएस केंद्रात पोचला की पुढची जबाबदारी केंद्राची.

तोच निरोप पुन्हा टाइप करून पाठवणं मात्र टाळावं. ॲपने प्रत्येक निरोपाला स्वतंत्र ओळखक्रमांक दिलेला असतो. पोच वाटेत हरवल्यामुळे तोच निरोप दोनदा गेला तरी पलीकडचा फोन क्रमांक पाहून दुसरी प्रत गाळतो. आपण पुन्हा टाइप केलेल्याला मात्र नवा क्रमांक मिळतो, आणि मित्राला तेच वाक्य दोनदा दिसतं.

खोडदला

निरोप सर्व्हरवर पोचला की पाठवणारीला एक टिक दिसते. मित्राच्या फोनची पोच येईपर्यंत कुलूपबंद प्रत सर्व्हर जपून ठेवतो. व्हॉट्सॲपवर ही मुदत 30 दिवसांची आहे.

मित्राचा फोन बंद आहे, आणि तो मुद्दाम बंद आहे. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 150 ते 1420 मेगाहर्ट्झ ह्या विस्तारात आकाश ऐकतात, आणि मोबाइलचा 900 मेगाहर्ट्झचा पट्टा ह्या विस्ताराच्या आतच येतो. फोनचा त्रास केवढा मोठा, ते एका हिशेबाने कळेल. रेडिओ खगोलशास्त्रात जान्स्की हे एकक वापरतात. एका वॉटला एकावर 26 शून्यांनी भागून जे उरेल तेवढी शक्ती, दर चौरस मीटरला आणि दर हर्ट्झला, म्हणजे एक जान्स्की. दूरच्या बहुतेक रेडिओ आकाशगंगा एका जान्स्कीच्या हजाराव्या हिश्श्याच्या घरात असतात. आता एक फोन चंद्रावर, 3 लाख 84 हजार किलोमीटरवर ठेवा आणि त्याला 180 किलोहर्ट्झच्या एका तुकड्यात 200 मिलिवॉटने बोलू द्या. पृथ्वीवर तो 60 जान्स्की भरतो. चंद्रावरचा फोन एवढा प्रखर असेल, तर दुर्बिणीच्या आवारात कुणाच्या खिशात जागा असलेला फोन म्हणजे काजव्याकडे पाहताना डोळ्यांत सर्चलाइट. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मित्राकडून दुसरी टिक ताबडतोब मागू नये.

ड्यूटी संपवून मित्र बाहेर पडतो, फोन चालू करतो. फोन सर्व्हरला गाठतो, प्रत घेतो, शिक्का तपासतो, कुलूप उघडतो, क्रमांक पाहून दुसरी प्रत नाही ना ते बघतो आणि पोच पाठवतो. ती मिळाल्यावरच सर्व्हर आपली प्रत पुसतो.

आता ही पोच गाडीतल्या फोनपर्यंत न्यायची आहे. तो फोन दरम्यान पुन्हा झोपलेला आहे, आणि नक्की कुठल्या टॉवरखाली आहे हे जाळ्याला ठाऊक नाही. झोपलेल्या फोनने फक्त आपण कुठल्या विभागात आहोत तेवढंच कळवलेलं असतं. म्हणून त्या विभागातल्या टॉवरांवरून त्याच्या नावाची हाळी दिली जाते. झोपेतही फोन ठरावीक वेळाने, बऱ्याच ठिकाणी दर 1.28 सेकंदांनी, क्षणभर कान उघडून आपलं नाव येतंय का ते ऐकतो. नाव ऐकू येतं. तो 64 पैकी एक हाक मारतो, टॉवर उत्तर देतो, जोडणी होते, आणि गाडी शिवाजीनगरला शिरत असताना पहिल्या टिकशेजारी दुसरी उमटते.